डोकं शाबूत ठेवायचा खटाटोप

आमच्या मंडळात किस्से साठत जातात, त्याचं कारण साधं आहे. ते ज्यांच्या बाबतीत घडतात, ते दुसऱ्या दिवशी विसरून जातात. लक्षात ठेवायला उरते मी एकटी. कोणी भेटलं की एखादा सांगते, तेवढंच ओझं हलकं होतं.

मंडळ म्हणजे काही नोंदणी वगैरे केलेलं नाही. बनारसमध्ये दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या लांबच्या नात्यातल्या एका घराची खालची खोली रिकामी असते. तिथे आठवड्यातून तीन सकाळी आम्ही जमतो. सुरुवात आमच्या ह्यांच्यापासून झाली. हे रेल्वेतून रिटायर झालेले. गाड्यांचे नंबर, वेळा, कुठली गाडी कुठे क्रॉसिंगला थांबते, सगळं तोंडपाठ असलेला माणूस. एक दिवस स्कूटर घेऊन गोदौलियाला भाजी आणायला गेले आणि भाजी घेऊन पायी परत आले. मी विचारलं, "स्कूटर कुठाय?" तर म्हणाले, "कुठली स्कूटर?"

मग लंका म्हणून इथला एक भाग आहे, तिथे एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. वयानं लहान, आमच्या भाचीएवढ्या, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "देखिए आंटी जी, गारंटी कोई नहीं दे सकता. जितना अपने हाथ में है, उतना करिए." हातात काय आहे तेही सांगितलं. रोज चालायचं. बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवायची. कान तपासून घ्यायचे. झोप पुरी करायची. चार माणसांत बसायचं, काहीतरी नवं शिकायचं. आणि हे एकट्यानं करू नका, ग्रुप करा, असंही म्हणाल्या. ग्रुप करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलंय. मला वाटलं, त्या मुलींपेक्षा हे सोपं जाईल.

* * *

मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ भाऊकाका. रामघाटावर त्यांची पाठशाळा आहे. आख्खा वेद पुढून-मागून म्हणणारे घनपाठी, ऐंशी ओलांडलेले. हल्ली एकच गोष्ट तीनदा विचारायचे, म्हणून त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं, "वसुधाताई, एकदा त्यांनाही दाखवून आणा ना." आणलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानाशी मोठ्यानं बोलत टेस्ट सुरू केली. "बाबा, मैं तीन शब्द बोलूँगी, आप दोहराइए. आम, कुर्सी, चाबी."

भाऊकाकांनी डोळे मिटले, हात गुडघ्यावर घेतला आणि वेदपाठाच्या स्वरात सुरू झाले. "आम कुर्सी कुर्सी आम आम कुर्सी. कुर्सी चाबी चाबी कुर्सी कुर्सी चाबी."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं की हे बरोबर आहे, पाठ करायची यांची पद्धतच अशी आहे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "बाबा, अभी कौन सा महीना चल रहा है?"

"किसका बताएँ? आपके यहाँ कार्तिक लग गया है. हमारे महाराष्ट्र में अभी आश्विन है."

"नहीं, अंग्रेज़ी महीना."

"वो हमको नहीं मालूम."

बाईंनी पेन उचललं. गंभीर होऊन विचारलं, "पहले याद रहता था?"

"ना," भाऊकाका म्हणाले, "वो तो जन्म से ही याद नहीं रहा."

बाहेर आल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पाठांतर ही जुनी ठेव असते, ती सहसा शेवटपर्यंत टिकते, त्यावर जाऊ नका. नवीन काय राहतंय ते बघत चला. मी मान हलवली. ई-रिक्षात बसल्यावर भाऊकाकांनी विचारलं, "वसू, आपण कुणाला भेटायला आलो होतो?" मग मैदागिनच्या चौकापर्यंत आणखी दोनदा विचारलं. तिन्ही वेळा मी सांगितलं.

* * *

लीलामावशींची तक्रार स्मरणशक्तीची नव्हती. त्यांची शुगर वाढलेली होती आणि बीपीही. मुलगा पुण्याला, इथे एकट्या राहतात, जीभ तिखट. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की साखर आणि रक्तदाब यांनी डोक्यातल्या बारीक नसा खराब होतात, म्हणून रोज टहलायला जात जा. मावशी निमूटपणे जायला लागल्या. रामघाटावरून पायऱ्यापायऱ्यांनी भोसले घाट, तिथून वर चढून गल्लीनं घरी. एक दिवस चुकवला नाही.

महिन्याभरानं तपासलं तर शुगर आणखी वाढलेली.

मावशींनी शांतपणे निष्कर्ष काढला. "मला चालणं मानवत नाही."

मला पटेना. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. घाटावर सगळं ठीक होतं. वर गल्लीत वळलो तर कचोरीवाल्यानं लांबूनच हाक मारली, "आइए माताजी, गरम निकल रही है." पानाच्या द्रोणात दोन कचोऱ्या, वर चार जिलब्या. मावशी बाकड्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "अशी बघू नकोस. चाललं की भूक लागते. उपाशी चालून चक्कर आली, तर डोक्याला रक्त कसं पोचेल?"

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, "चलना बंद मत कराइए. रास्ता बदलवाइए."

रस्ता बदलला. थंडी पडायला लागली होती. आठ दिवसांनी मी विचारलं, "मावशी, या बाजूला कचोरी नाही ना?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "इथे मलइयो मिळते. पण तो नुसता दुधाचा गोड फेस. त्यात काय असतंय?"

शेवटी मी रोज त्यांच्याबरोबर जायला लागले. म्हणजे सकाळी आधी ह्यांना घाटावर फिरवून आणायचं, मग मावशींना. त्यांची शुगर खाली आली. माझे गुडघे धरले.

* * *

डांगे मूळचे नागपूरचे. बँकेच्या बदलीनं बनारसला आले आणि इथेच राहिले. पत्नी गेल्यापासून बोलणं जवळजवळ बंद. सकाळपासून सुडोकू. त्यांचं म्हणणं, मेंदूचा व्यायाम चाललेला आहे, मग आणखी काय हवं.

मी त्यांना मंडळात ओढून आणलं. ते आले, कोपऱ्यातली खुर्ची घेतली, पेपर उघडला आणि सुडोकू सोडवायला लागले. मी म्हटलं, "डांगे, चार लोकांत बसायचं असं सांगितलंय."

"बसलोय की," ते म्हणाले. मोजलं तर त्यांना सोडून खरंच चार होतो.

असं बरेच दिवस चाललं. मी बोलून थकले. एका सकाळी डांगे पाणी प्यायला उठले आणि लीलामावशींनी त्यांचं पेन उचलून सुडोकूच्या एका चौकोनात ठळक सात लिहून ठेवला. मनाला येईल तो आकडा. डांगे परत आले, बसले, पेपर पाहिला आणि बोलायला लागले. बँकेत असा उपद्रव करणाऱ्यांचं ते काय करायचे, इथपासून सुरुवात झाली. तिथून नागपूर, नागपूरहून बनारसची माणसं, मग बनारसचे मराठी लोक, त्यांचं हिंदीमिश्रित मराठी, त्यांची गोड वरणं. मावशी एकेका मुद्द्याला उत्तर देत होत्या. भाऊकाकांना ऐकू येत नव्हतं, ते दोघांनाही माना डोलवून दाद देत होते. हे मला म्हणाले, "हा गृहस्थ नवीन आलाय का? चांगला बोलतो."

दोघं दमून थांबल्यावर मावशी माझ्याकडे वळल्या. "तुझ्या डॉक्टरीणबाईंना कळव. डांग्यांचा आज सामाजिक संपर्क झाला."

डांगे त्यानंतरही सुडोकू आणतात. पण आता मावशींच्या शेजारी बसतात आणि पेनावर हात ठेवून असतात.

* * *

भाऊकाकांच्या कानाची गोष्ट याच्या पुढची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की कान गेले की माणूस बोलण्यातून बाहेर पडतो, आणि बोलण्यातून बाहेर पडला की डोकं आळसावतं. तेव्हा मशीन लावाच. भाऊकाकांचा नकार ठाम. "मला ऐकायचं ते सगळं आत आहे," असं म्हणायचे. ऐकायला भारदस्त वाटायचं, पण सूनबाईंना दार उघडा हे सांगायला त्यांच्यासमोर जाऊन हातवारे करावे लागायचे.

सहा महिने मनधरणी केली. अखेर एकदाचं मशीन आलं. लावून दिलं, आवाज जुळवला. भाऊकाका पहिल्यांदा पंख्याकडे बघायला लागले. "हा असा वाजतो?" मग बाहेर एका माकडानं पत्र्यावर उडी मारली, तर दचकले. मग म्हणाले, पाठशाळेत जाऊ.

मुलं संथा म्हणत बसली होती. भाऊकाका आसनावर बसले, डोळे मिटले. आम्हाला वाटलं, आता डोळे भरून येणार. सूनबाईंनी तर पदर हातात घेतला होता. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. मुलं थांबली.

"हे असं कधीपासून म्हणताय?"

मोठा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, पहिल्यापासूनच."

"आणि मी काय करत होतो?"

"मान हलवत होता."

भाऊकाकांनी मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी सूनबाईंच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. मी संध्याकाळी गेले. शेजारी बसले. मग तेच म्हणाले, "उद्या पहिल्या अध्यायापासून सुरू करतो. ते मशीन आणायला सांग." आणि मग, "सगळे स्वर खाली पाडतात गं. इतकी वर्षं."

आता रोज सकाळी मुलं कंटाळलेली असतात, भाऊकाका चिडलेले असतात. डॉक्टरीणबाईंच्या मते ही प्रगती उत्तम आहे.

* * *

नवीन काहीतरी शिकायचं, यावर ह्यांच्या बाबतीत मी खूप विचार केला. भाषा काढून पाहिली, पेटी काढून पाहिली. हे दोन दिवस बसायचे आणि तिसऱ्या दिवशी विचारायचे, "हे कुणाचं सामान?" मग मी चहावर आले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ह्यांनी कधी चहा केलेला नाही. म्हणजे नवीनच.

शिकवला. पाणी इतकं, पत्ती इतकी, आलं असं ठेचायचं. पहिल्या दिवशी गाळणी जळाली. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, ओटा दोनदा पुसला. पण चहा झाला, आणि बरा झाला. हे मोठ्या खुशीत म्हणाले, "वसू, यात काही अवघड नाही. तू उगाच इतकी वर्षं भाव खाल्लास." मीही हसले. पुष्कळ दिवसांनी.

मग पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता म्हणाले, "तुला साखर किती?"

मी तीस वर्षं बिनसाखरेचा पिते. सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्यापाशी उभे. "वसू, मी विचार करतोय, आज मी चहा करून बघू का? कधी केला नाही. तू सांग कसा करायचा."

पाणी इतकं, पत्ती इतकी, आलं असं ठेचायचं. गॅसपाशी मी उभीच राहते, हे वेगळं सांगायला नको. आणि शेवटी, "तुला साखर किती?"

रोज काहीतरी नवीन शिकवा, असं बाई म्हणाल्या होत्या. आमच्या घरी ते अगदी नियमानं चालू आहे.

* * *

आता शेवटचा सांगते आणि उठते.

मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी ह्यांचं सगळं पाहिलं. बीपी ठीक, वजन ठीक. म्हणाल्या, फारशी घसरण नाही, चाललंय तसं चालू द्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ह्यांचा बीपीचा पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधला. आकडा आला तो बघून त्यांनी पुन्हा एकदा मोजलं.

"आंटी जी, आप सोती कितना हैं?"

मी म्हटलं, "हो जाती है नींद." बोलले एवढंच. रात्री हे उठतात, दार उघडायला जातात, ड्यूटीवर जायचंय म्हणतात. मग मीही उठते. हे सांगत बसायची ती जागा नव्हती.

बाईंनी ह्यांना विचारलं, "अंकल, आंटी घर पर आराम करती हैं?"

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "हमने इनको बैठे हुए नहीं देखा."

बाई म्हणाल्या, असं नाही चालणार. सांभाळणाऱ्याचं डोकंही डोकंच असतं. त्याला झोप लागतेच. घरी आल्यावर चपला काढता काढता तोंडातून निघून गेलं, "एक दिवस मला कोणी उठवलं नाही ना, तर फार बरं होईल." ह्यांना उद्देशून नव्हतं ते. असंच, भिंतीला सांगितल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलेलं. माझ्या अंगावर चादर नीट पांघरलेली. शेजारी पाहिलं तर अंथरूण रिकामं.

मी हाक मारली. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. चपला नव्हत्या. दाराशी धावले, दार ओढलं, उघडेना. बाहेरून कडी लावलेली.

पुढचं थोडा वेळ मला नीट सांगता येत नाही. आमची गल्ली पुढे तीन ठिकाणी फुटते आणि त्यातली एक सरळ घाटाच्या पायऱ्यांवर जाते. पाणी त्या दिवसांत वरच्या पायरीपर्यंत होतं. मी खिडकीतून खाली ओरडले, गल्लीत कोणी नव्हतं. मोबाइलवर एक-दोन नंबर लावले, लागेनात. लीलामावशींचा लागला.

"मावशी, हे—"

"इथेच आहेत, मंडळात," मावशी म्हणाल्या. "मघाचेच आलेत. एकटे आले, बरोबर आले. कोपऱ्यावर जरा थांबले होते म्हणे, मग डांगे दिसले, त्यांच्या मागोमाग आले."

मी खाली बसले. तिथेच, दारापाशी, फरशीवर.

"आल्या आल्या आम्हाला सांगितलंन, आज वसूला कोणी फोन करायचा नाही. तिला झोपू द्यायचंय. कोणी येऊन उठवू नये म्हणून मी कडी लावून आलोय." मग मावशी म्हणाल्या, "आम्ही नाही केला हो फोन. तूच केलास."

मला हसायला यायला लागलं आणि रडायलाही. मी म्हटलं, "मावशी, मी आत अडकलेय. त्यांना पाठवा."

"डांग्यांबरोबर पाठवते."

डांगे त्यांना घेऊन निघाले. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा. डांग्यांचं कंबरेचं दुखणं आहे. ते खालीच थांबले आणि ह्यांना वर पाठवलं. मी दाराला कान लावून होते. एकेक पायरी ऐकू येत होती. चपला थांबत, पुन्हा सुरू होत. मग दाराबाहेर येऊन थांबल्या. ह्यांचा श्वास लागलेला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "अहो, कडी काढा."

काही हालचाल नाही.

मी जरा मोठ्यानं म्हटलं, "अहो, मी आत आहे. कडी काढा ना."

पाऊल एक जवळ आलं. दाराच्या फटीपाशी तोंड आणून, अगदी हलक्या आवाजात हे म्हणाले, "हळू बोला हो. आत माझी बायको झोपलीय."